सिव्हिलायझेशन ६ : साधनसंपत्ती आणि व्यापारी सौद्यांतील या चुका टाळा

दिवाळीच्या सुट्टीत इंदूरला, रामबागेतल्या आमच्या घरी, सिव्हिलायझेशन ६ हा संगणकावरचा साम्राज्य उभारण्याचा खेळ लॅपटॉपवर लावून भाचा जवळ येऊन बसला आणि म्हणाला, "मामा, माझ्याकडे कापसाचे तीन मळे आहेत, तरी सातांपैकी तीन शहरं नाराज आहेत. असं का?" डाव 91व्या टर्नला, म्हणजे पाळीला, पोहोचला होता. त्याच्या या एका प्रश्नात दोन वेगवेगळ्या चुका दडलेल्या होत्या आणि त्या बहुतेक नव्या खेळाडूंकडून होतात. येथे दिलेले आकडे साधारण गतीच्या आणि 2019 साली आलेल्या गॅदरिंग स्टॉर्म या विस्तारासह (मूळ खेळात भर घालणाऱ्या पुरवणीसह) खेळल्या जाणाऱ्या डावाचे आहेत.

पहिली चूक म्हणजे एकाच चैनीच्या वस्तूचे अनेक नग साठवून ठेवणे. कापूस, रेशीम, मसाले अशा वस्तूचा एक नग जास्तीत जास्त चार शहरांना प्रत्येकी एक अमेनिटी, म्हणजे शहराला खूश ठेवणारी सोय, पुरवतो. त्याच वस्तूचा दुसरा किंवा तिसरा नग एरवी त्यात काहीही भर घालत नाही. म्हणजे भाच्याचे दोन मळे नुसते पडून होते. जास्तीचा नग विकायचाच असतो, मात्र तो कोणाला विकायचा हे आधी पाहावे लागते. संगणक चालवत असलेल्या ज्या प्रतिस्पर्धी राजाकडे ती वस्तू नाही, तोच चांगला मोबदला देतो, आणि एकदा ती त्याला मिळाली की दुसऱ्या नगासाठी तो फारसे काही देत नाही. सियागंजच्या घाऊक बाजारात उमेदवारी केलेला कोणीही हेच सांगेल की भाव बोलण्यापूर्वी समोरच्याच्या गोदामात काय आहे ते पाहावे. सौद्याच्या पडद्यावर आपली वस्तू ठेवून त्याबदल्यात काय मिळेल असे विचारण्याची सोय आहे. तिचा उपयोग एकाच राजाकडे न करता प्रत्येकाकडे करावा.

मोबदला रोख घ्यावा की दर टर्नच्या हप्त्याने, याकडेही पुष्कळ जण दुर्लक्ष करतात. युद्ध पुकारले गेले की चालू सौदे मोडतात आणि राहिलेले हप्ते बुडतात. रोख घेतलेले सोने मात्र आपल्याच तिजोरीत राहते. म्हणून ज्याच्याशी संबंध बिघडत चालले आहेत, त्याला विकताना रोख घ्यावे.

दुसरी चूक मला अधिक गंभीर वाटते, कारण ती झाल्याचे लवकर लक्षात येत नाही. वस्तूंचा सौदा 30 टर्न चालतो आणि मुदत संपताच वस्तू मूळ मालकाकडे परत जाते. भाच्याने 58व्या टर्नला शेजाऱ्याकडून द्राक्षमद्य घेतले होते. ते 88व्या टर्नला थांबले आणि तोवर त्याच्यावर भागणारी तीन शहरे उघडी पडली. लोकसंख्या वाढत असताना अमेनिटी कमी पडली की शहराची वाढ आणि उत्पादन दोन्ही घटतात, आणि खेळाडू मात्र दोष शेतीत किंवा इमारतींत शोधत बसतो. शहर अचानक नाराज झाले, तर आधी अहवालाच्या पडद्यावरील साधनांचे पान उघडून कोणती वस्तू कोठून येते आहे आणि कोणती यायची थांबली आहे, हे तपासावे.

लोखंडाचे गणित निराळे आहे. सुधारलेली एक खाण दर टर्नला 2 एकक लोखंड देते, आणि सुरुवातीची साठवण मर्यादा 50 असल्यामुळे काहीच खर्च न केल्यास 25 टर्नमध्ये साठा भरतो व पुढचे उत्पादन वाया जाते. छावणीतील इमारतींमुळे ही मर्यादा वाढते. तोवर जादा लोखंड विकण्याचा मोह होतो, पण तलवारबाजांची एक तुकडी 20 लोखंडात उभी राहते, हे सीमेलगतच्या राजाला विकताना विसरू नये. तेलाची तर नुसती साठवण पुरत नाही, कारण रणगाड्यासारख्या तुकड्या दर टर्नला तेल खातात.

मध्ययुगापासून भरणारी जागतिक परिषद हा सगळा हिशेब उलटवू शकते. तेथे येणाऱ्या एका ठरावाने एखाद्या वस्तूच्या जास्तीच्या नगांनाही अमेनिटी मिळू लागते, किंवा ती वस्तू पूर्णपणे निरुपयोगी ठरते. मतांसाठी लागणारी राजनैतिक मर्जी संगणकाचे राजे सोने देऊन आनंदाने विकत घेतात. परंतु परिषद जवळ आलेली असताना ती विकून टाकणे म्हणजे आपल्या बाजारभावाची दोरी इतरांच्या हाती देणे होय.

शेजाऱ्याने द्राक्षमद्याचा नवा सौदा नाकारला, कारण भाच्याने त्याच्या सीमेला खेटून शहर वसवले होते. मग आम्ही कापसाचा एक नग देऊन दुसऱ्या राजाकडून मसाले घेतले आणि उरलेला नग तिसऱ्याला रोख सोन्यावर विकला. तिन्ही शहरांची नाराजी मिटली. भाच्याने चिठ्ठीवर 121 हा आकडा लिहून ती लॅपटॉपच्या कडेला चिकटवून ठेवली.