सस्तन प्राणी ओळखायचा कसा? पिल्लं देतो म्हणून लगेच हो म्हणू नका

पिल्लं देतो तो सस्तन, अंडी घालतो तो नाही, हे आपल्या डोक्यात इतकं फिट बसलंय, पण या हिशोबाने गेलात तर आपली घोणसच सस्तन ठरेल, कारण ती अंडी न घालता थेट पिल्लं देते, फुरसं पण तसंच. आणि ऑस्ट्रेलियातला प्लॅटिपस अंडी घालूनही पक्का सस्तन! त्यामुळे हा प्रश्न आधी बाजूला ठेवा. पाण्यात राहतो का, उडतो का, हे तर विचारूच नका, नाहीतर देवमासा मासा होतो आणि वटवाघूळ पक्षी.

पहिला प्रश्न दुधाचा. नावातच आहे ना, स-स्तन. कोणी म्हणेल कबूतर पण पिल्लांना दूध देतं, तर ते गळ्यातल्या पिशवीच्या अस्तरातून सुटणारं घट्टसर खाणं असतं, नर पण देतो, ते धरायचं नाही. दुधाच्या ग्रंथी फक्त सस्तनांना. गंमत म्हणजे प्लॅटिपसच्या मादीला स्तनाग्रंच नसतात, दूध पोटाच्या कातडीतून पाझरतं आणि पिल्लं तिथूनच पितात.

पण दरवेळी दूध पाजताना कोण सापडणार? मग केस बघा. इथे कोकणातलं खवले मांजर भल्याभल्यांना फसवतं, वरून बघितलं तर सरपटणाराच वाटतो, पण ते खवले आपल्या नखांच्याच केराटिनचे, आणि पोटाकडे विरळ का होईना केस असतात. डॉल्फिनला मोठेपणी केस नसल्यातच जमा, तिथे शेपूट बघायची, मासा ती डावी-उजवीकडे मारतो आणि डॉल्फिन वर-खाली, शिवाय श्वास घ्यायला वर यावंच लागतं.

गरम रक्त आणि चार कप्प्यांचं हृदय यावर फार विसंबू नका, दोन्ही पक्ष्यांकडे पण आहे, चार कप्पे तर मगरीकडेही.

रानात नुसती कवटी दिसली तर? (उचलून घरी आणू नका हां, फोटो काढा.) आधी दात बघा. पटाशीचे, सुळे, दाढा असे वेगवेगळे असले तर बहुतेक सस्तन, घोरपडीचे सगळे साधारण एकसारखेच असतात. पण खवले मांजराला दातच नाहीत, म्हणून माझा जास्त भरवसा खालच्या जबड्यावर, सस्तनात तो प्रत्येक बाजूला एकाच हाडाचा असतो आणि घोरपड, मगर यांच्यात बरीच हाडं जोडलेली. त्यांच्या जबड्याच्या सांध्यात जी दोन हाडं असतात ना, ती सस्तनांत कोट्यवधी वर्षांत सरकत सरकत कानात गेलीत, म्हणून तुमच्या-माझ्या कानात हातोडी, ऐरण, रिकीब अशी तीन हाडं आणि कोंबडीच्या कानात एकच.