आई बाहेर असताना अंगावर पिणाऱ्या मोठ्या बाळाला काय, किती आणि कसं द्यावं

बाळ सहा महिन्यांपुढचं झालं की आई नसतानाचा प्रत्येक तास दुधानेच भरून काढावा लागत नाही. ते वरचं खाणं खातं, पेल्यातून पिऊ शकतं आणि दुधाची एखादी वेळ मागेपुढे झाली तरी नंतर भरून काढतं. म्हणून दिवसाची आखणी सरळ असावी. आई घरी असेल तेव्हा अंगावर पाजावं, नसेल तेव्हा वरच्या खाण्यावर भर द्यावा आणि जोडीला काढून ठेवलेलं दूध द्यावं. 'बाटली तोंडात धरतच नाही' ही धास्ती या वयात मनातून काढून टाकायला हरकत नाही, कारण बाटली शिकवण्याची गरजच उरलेली नसते.

मात्र वर्षाच्या आतलं बाळ बऱ्याच अंशी दुधावर वाढत असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनाप्रमाणे 6 ते 12 महिन्यांत निम्मी किंवा त्याहून जास्त ऊर्जा आईच्या दुधातून मिळू शकते, तर दुसऱ्या वर्षात सुमारे एक तृतीयांश. त्यामुळे दूध पूर्ण वगळून नुसत्या खाण्यावर दिवस काढू नये.

दूध किती काढून ठेवायचं

आई जितके तास बाहेर, त्या प्रत्येक तासाला 30 ते 45 मिली धरावं. आठ तासांसाठी 240 ते 360 मिली झालं. तीन वेळा नीट खाणारं नऊ-दहा महिन्यांचं बाळ याहून कमीही घेतं. दूध-पावडरच्या डब्यावर छापलेला तक्ता इथे लावू नये. आईच्या दुधाची गरज पहिल्या महिन्यानंतर वजनाबरोबर फारशी वाढत नाही, आणि खाणं सुरू झालं की हळूहळू कमीच होते. तक्ता पाहून 200 मिलीची बाटली भरली तर निम्मं दूध फेकावं लागतं आणि आईला वाटतं आपलं दूध पुरत नाही.

म्हणून 60-60 मिलीचे छोटे भाग करावेत. एक भाग संपला आणि बाळाने अजून मागितलं तर दुसरा काढावा.

साठा करायला एक-दोन आठवडे आधी सुरुवात केली की पुरते. रोज सकाळच्या पाजण्यानंतर एकदाच दूध काढावं. बऱ्याच जणींना सकाळी जास्त दूध असतं. पंप नसेल तर हाताने काढता येतं. अंगठा वर आणि बोटं खाली अशी बोंडापासून साधारण 3 सेंमी मागे ठेवावीत, आधी छातीकडे मागे दाबावं, मग अंगठा-बोटं जवळ आणावीत आणि सैल सोडावीत. बोटं कातडीवर घासत पुढे ओढू नयेत, त्याने फक्त दुखतं. धार मंदावली की बोटांची जागा फिरवावी, म्हणजे सगळ्या बाजूंचं दूध मोकळं होतं.

बाहेर असतानाही दूध काढायला हवं. आठ-दहा तासांत दोन-तीनदा, दर वेळी 10 ते 15 मिनिटं. हे टाळलं तर छाती दाटते, गाठी होतात, पुढे लालसर सूज आणि तापही येऊ शकतो. शिवाय रोजच साचू दिलं तर दूध कमी होत जातं. बाळ वर्षाचं झाल्यावर बऱ्याच आयांना दिवसा काढण्याची गरज उरत नाही, जड वाटलं तर हलकं वाटेपर्यंतच काढावं.

साठवण आणि गरम करणं

ताजं काढलेलं दूध 25 अंश सेल्सिअसपर्यंतच्या खोलीत 4 तास, फ्रीजमध्ये 4 दिवस आणि चांगल्या फ्रीझरमध्ये 6 महिने छान राहतं. उकाड्याच्या दिवसांत चार तासांवर विसंबू नये, लगेच थंड करावं. बर्फाच्या पॅकसह बंद थर्मास-बॅगेत 24 तासांपर्यंत चालतं, म्हणजे बाहेर काढलेलं दूध घरी आणता येतं. डबा फ्रीजच्या दारात ठेवू नये, आत मागच्या बाजूला ठेवावा. दार उघडझाप होताना तिथलं तापमान सतत बदलतं. प्रत्येक डब्यावर तारीख लिहावी. गोठवताना डबा काठोकाठ भरू नये, कारण दूध गोठताना फुगतं. आज काढलेलं दूध उद्या वापरावं आणि गोठवलेलं कमी पडल्यावरच काढावं.

गोठलेलं दूध रात्री फ्रीजमध्ये उतरवून ठेवलं की सकाळपर्यंत वितळतं. पूर्ण वितळल्यापासून 24 तासांत संपवावं, पुन्हा गोठवू नये. द्यायच्या वेळी डबा कोमट पाण्याच्या भांड्यात धरावा. मायक्रोवेव्ह नको. त्यात दूध एकसारखं तापत नाही, कुठे कुठे चटका बसण्याइतकं गरम राहतं. वर साय धरलेली दिसली तर दूध बिघडलं असं नाही. डबा हलकेच फिरवला की ती मिसळते. गरम केलेलं दूध दोन तासांत संपवावं आणि बाळाने तोंड लावलेलं उरलं तर तेही दोन तासांनंतर टाकून द्यावं. आईचा जीव तुटतो, पण तोंडातले जंतू त्यात गेलेले असतात.

काही वेळा वितळलेल्या दुधाला साबणासारखा वास येतो. दुधातला लायपेज नावाचा घटक स्निग्धांश फोडतो, त्याचा हा वास. असं दूध चालतं, पण काही बाळं ते नाकारतात. तसं असेल तर पुढचं दूध गोठवण्याआधी कडेला बारीक बुडबुडे येईपर्यंतच तापवावं, उकळू देऊ नये, आणि लगेच थंड करावं. साठा मोठा करण्याआधी एक डबा वितळवून बाळाला देऊन पाहणं म्हणूनच शहाणपणाचं.

पेल्याने पाजण्याची रीत

सहा महिन्यांनंतर उघडा छोटा पेला सगळ्यात चांगला. धुवायला सोपा आणि बाळ लवकर शिकतं. बाळाला मांडीवर सरळ बसवावं, गळ्याखाली रुमाल बांधावा. पेला अर्धा भरून त्याची कड खालच्या ओठावर टेकवावी आणि दूध ओठाला जेमतेम लागेल इतकाच तो कलवावा. मग थांबावं. बाळ स्वतः घोट घेतं. तोंडात ओतलं की ठसका लागतो, आणि पेला नकोसा होण्याचं हेच मुख्य कारण. पहिले काही दिवस बरंच दूध सांडेल, म्हणून सराव थोड्या पाण्याने करावा. वाटी-चमचा किंवा स्ट्रॉचा पेलाही चालतो.

घरात बाटलीच वापरायची ठरली तर मंद धारेचं बूच (निपल) घ्यावं, बाटली जवळजवळ आडवी धरावी आणि दर काही घोटांनी खाली करावी. एक वेळचं पाजणं 15-20 मिनिटं चालावं. बाटलीतून दूध फारशा कष्टाविना येतं, त्यामुळे भरभर पाजलं तर बाळ गरजेपेक्षा जास्त पितं. बाटली तोंडात ठेवून झोपवू नये.

सराव आई बाहेर पडण्याच्या एक-दोन आठवडे आधी, दुसऱ्या व्यक्तीने करावा. आई शेजारी असली की बाळ तिच्याकडेच झेपावतं. तिने दुसऱ्या खोलीत नाही, घराबाहेरच जावं. बाळ थोडं भुकेलं असताना द्यावं. रडकुंडीला आल्यावर ते नवं काही शिकत नाही.

वरचं खाणं

सहा ते आठ महिन्यांत दिवसात 2-3 वेळा. सुरुवात दोन-तीन मोठे चमचे, वाढवत 250 मिलीच्या वाटीची अर्धी वाटी. नऊ ते अकरा महिन्यांत अर्धी वाटी, 3-4 वेळा. वर्षानंतर पाऊण ते पूर्ण वाटी 3-4 वेळा आणि मध्ये एक-दोनदा काहीतरी छोटं. खाणं दाट हवं, तिरक्या चमच्यावरून घरंगळून न पडणारं. पातळ पेजेने पोट भरतं, पण अंगी लागत नाही. सहा महिन्यांनंतर जन्मापासूनचा लोहाचा साठा संपत येतो, म्हणून डाळी, अंडं किंवा मांस यांपैकी काहीतरी रोज असावं. बाळ दूध घेत नसेल तर तेच दूध खाण्यात कालवावं.

मध एका वर्षाच्या आत अजिबात नको, त्यातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. प्राण्याचं दूधही वर्षाआधी मुख्य पेय म्हणून देऊ नये. अख्खे दाणे, अख्खी द्राक्षं, कच्च्या गाजराचे तुकडे घशात अडकतात. नवीन पदार्थ आई नसतानाच्या दिवशी पहिल्यांदा देऊ नये.

सकाळी आठ ते संध्याकाळी पाचपर्यंत आई नसेल तर उठल्यावर एकदा आणि निघताना पुन्हा एकदा अंगावर पाजावं. साडेदहाला दूध, बाराला जेवण, झोपेनंतर पुन्हा दूध, साडेतीनला थोडं खाणं. परतण्याआधीचा एक-दीड तास पोट भरू नये, म्हणजे आई आली की बाळ लगेच ओढीने पितं. फार रडलंच तर दोन-चार चमचे द्यावेत.

बाळ दिवसा दूध घेतच नसेल तर

काही बाळं दिवसभरात जेमतेम साठ-सत्तर मिली घेतात आणि संध्याकाळ ते सकाळ आईला चिकटून भरपाई करतात. हे बिघडल्याचं लक्षण नाही. आईची झोप मात्र मोडते, म्हणून घरच्यांनी तिच्या इतर कामांचा भार उचलायलाच हवा. लघवी मोजावी. चोवीस तासांत पाच-सहा वेळा फिकट लघवी होत असेल आणि बाळ तरतरीत असेल तर जबरदस्ती नको. झोपताना अंगावर पिण्याची सवय असेल तर सांभाळणाऱ्याने आईची नक्कल करू नये. कडेवर घेऊन फिरणं, थोपटणं अशी आपली वेगळी रीत ठरवून रोज तीच ठेवावी.

सहा-आठ तास लघवी नाही, तोंड कोरडं, डोक्यावरची टाळू खोल गेलेली किंवा बाळ मलूल दिसलं तर वाट न पाहता डॉक्टरांकडे न्यावं आणि वाटेतच आईला कळवावं.