उन्हाळ्यात सोलरचं व्होल्टेज पडतं : स्ट्रिंग ठरवताना या चुका टाळा

गोरेगावातल्या एका सोसायटीच्या सेक्रेटरी काकांचा एप्रिलमध्ये फोन आला. "अहो, सकाळी सोलर झकास चालतं. ऊन डोक्यावर आलं की मात्र बसतं. हे उलटंच नाही का?"

गच्चीवर गेलो. लिफ्ट आणि पंपासाठी 540 वॅटची 10 पॅनेल आणि 5 किलोवॅटचा थ्री फेज इन्व्हर्टर. पॅनेल स्वच्छ, सावली कुठेच नाही. मोबाइलवरच्या वीजनिर्मितीच्या आलेखात रेघ सकाळी नीट चढलेली, अकरानंतर मात्र मध्येच खड्डा, आणि ऊन कलल्यावर पुन्हा थोडी वर.

इन्व्हर्टरला दोन एमपीपीटी (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज ओढणारे भाग) होते, म्हणून बसवणाऱ्याने पाच-पाच पॅनेलच्या दोन स्ट्रिंग, म्हणजे एकामागोमाग जोडलेल्या साखळ्या, केल्या होत्या. कागदावर एका पॅनेलचं व्हीएमपी, म्हणजे चालू असतानाचं व्होल्टेज, 41.6. पाचांचं 208. इन्व्हर्टरच्या एमपीपीटीची खालची मर्यादा 200. बसलं की गणित!

पण 41.6 हा आकडा सेल 25 अंशांवर असतानाचा. त्या दुपारी पॅनेलच्या पाठीवर थर्मामीटर धरला तर 67 अंश. आतला सेल पाठीपेक्षा दोन-तीन अंश जास्तच तापतो, म्हणजे 70 धरा. 25 च्या वर 45 अंश, प्रत्येक अंशाला साधारण 0.35 टक्के घट, एकूण पावणेसोळा टक्के. 41.6 चे झाले 35 आणि पाचांचे 175. इन्व्हर्टर 200 च्या खाली उतरू शकत नाही, म्हणून तो स्ट्रिंगला 200 वरच धरून ठेवत होता. तापलेल्या स्ट्रिंगचं ओपन सर्किट व्होल्टेजच (व्हीओसी, म्हणजे करंट शून्य असतानाचं व्होल्टेज) तेव्हा 218 च्या आसपास होतं. त्या टोकाजवळ करंट झपाट्याने कोसळतो, आणि त्याबरोबर वीजही. सकाळी पॅनेल जरा थंड असताना हेच जेमतेम निभावत होतं.

उपाय बिनखर्चाचा होता. इन्व्हर्टर बंद, डीसी आयसोलेटर (पॅनेलकडून येणारी वीज तोडणारा स्विच) बंद, मग दोन्ही स्ट्रिंग सिरीजमध्ये जोडून दहाची एक. तापलेल्या दुपारीही 350 व्होल्ट. दुसरा एमपीपीटी रिकामा राहिला, राहू दे. एमपीपीटी दोन आहेत म्हणून दोन्ही भरलेच पाहिजेत असा नियम नाही. (चालू सिस्टिममध्ये पॅनेलच्या वायरी जोडणारे एमसी4 कनेक्टर कधीही ओढू नका. डीसीचा आर्क, म्हणजे सुटलेल्या टोकांमधली ठिणगी, सहज विझत नाही.)

हवेचं तापमान धरून हिशेब करणं

"मुंबईत कुठे एवढं तापतं? 34 च्या वर जात नाही," हे मी दर उन्हाळ्यात ऐकतो. 34 हवेचं, सेलचं नव्हे. डेटाशीटवर एनओसीटी नावाचा आकडा असतो, बहुतेक पॅनेलना 45 च्या आसपास. हवा 20 अंश आणि ऊन 800 वॅट प्रति चौरस मीटर असताना सेल किती तापतो ते तो सांगतो. त्यातून 20 वजा करा, 800 ने भागा, आपल्या उन्हाने गुणा आणि हवेच्या तापमानात मिळवा. भर दुपारच्या 1000 वॅट उन्हात 34 चे 65 होतात.

हेही मोकळ्या हवेतल्या स्टँडवर. गच्चीवरच्या पत्र्याच्या पावसाळी शेडवर पॅनेल चिकटवून बसवलं की खालून वारा नाही आणि पत्रा स्वतः भाजतोय. तिथे मी 75 धरतो. पत्रा आणि पॅनेलमध्ये चार-सहा इंच मोकळी जागा मिळाली तरी फरक पडतो, मात्र वाऱ्याच्या जोराचा विचार करूनच स्टँड उचलावा.

आणि मुंबईचा खरा चटका मे महिन्यात नसतो, मार्च-एप्रिलमध्ये असतो. पूर्वेचे वारे जोर धरतात, समुद्राचा वारा दुपारी उशिरा आत शिरतो आणि पारा चाळिशीकडे धावतो. सांताक्रूझला 14 एप्रिल 1952 रोजी 42.2 अंशांची नोंद झाली होती. अशा दिवशी ऊन भरपूर आणि आकाश स्वच्छ, म्हणजे सोलरची सगळ्यात जास्त कमाई व्हायला हवी. नेमकं तेव्हाच स्ट्रिंग खाली घसरणार असेल तर ते डिझाइन चुकलंय.

मीटर कमी दाखवतो म्हणून पॅनेल परत पाठवणं

पॅनेलवर व्हीओसी छापलंय 49.6, दुपारी मीटर दाखवतो 43.8. ग्राहक भडकतो, डीलरशी भांडण होतं. पॅनेल बहुधा धडधाकट असतं. सेल तापला की त्याच्या आतला गळतीचा करंट वाढतो आणि दर अंशाला दर सेलमागे सुमारे 2 मिलिव्होल्ट उतरतात. अशा पॅनेलमध्ये 72 सेलची साखळी धरली तर अंशाला सुमारे 0.14 व्होल्ट, सेल 68 वर, म्हणजे 25 च्या वर 43 अंश असेल, तर सहाच्या आसपास. हिशेब जुळतो. मोजायचंच असेल तर पाठीच्या शीटचं तापमान सोबत लिहून ठेवा, काचेचं नको.

इथे आणखी एक घोळ होतो. डेटाशीटवर तापमानाचे तीन गुणांक असतात, म्हणजे दर अंशाला किती टक्के फरक पडतो ते. व्हीओसीचा 0.27 च्या आसपास, पॉवरचा 0.35 च्या आसपास (टॉपकॉन प्रकारच्या पॅनेलना कमी, साधारण 0.30), आणि करंटचा अगदी किरकोळ, तोही अधिक. व्हीएमपीचा बऱ्याचदा छापलेलाच नसतो. त्याच्यासाठी व्हीओसीचा वापरला तर दुपारचं व्होल्टेज आहे त्यापेक्षा बरं दिसतं. मी पॉवरचा वापरतो.

उन्हाळ्याच्या भीतीने स्ट्रिंग ताणणं

वरचं सगळं वाचून कोणी 600 व्होल्ट कमाल मर्यादेच्या सिंगल फेज इन्व्हर्टरवर 12 पॅनेल जोडेल. 12 गुणिले 49.6 म्हणजे 595, पाच व्होल्ट शिल्लक! जानेवारीच्या पहाटे 10 अंशांवर चार टक्के वाढून ते 619 होतात. सूर्य उगवताच, सेल अजून थंड असतानाच, ओपन सर्किट व्होल्टेज जवळजवळ पूर्ण चढतं. उन्हाळ्यातली चूक वीज खाते, ही चूक इन्व्हर्टरच खाऊन टाकते, आणि असं नुकसान सहसा वॉरंटीत बसत नाही. मुंबईत थंडी नसते म्हणू नका. 22 जानेवारी 1962 ला सांताक्रूझचा पारा 7.4 वर गेला होता. वरची मर्यादा थंडीतल्या व्हीओसीने ठरवा, खालची उन्हाळ्यातल्या व्हीएमपीने. त्या दोन्हींत बसेल तेवढीच पॅनेल.

बॅटरीला छापील व्होल्टेजवर जोडणं

बरेच मुंबईकर मे महिन्यात कोकणातल्या घरी सोलर बसवून येतात. 24 व्होल्टची बॅटरी आणि 60 सेलचं पॅनेल, 31 व्होल्ट छापलेलं. तापल्यावर ते 26 वर येतं. लेड ॲसिड बॅटरीला पूर्ण भरायला 28.8 लागतात आणि साधा चार्ज कंट्रोलर व्होल्टेज उतरवतो, चढवत नाही. बॅटरी वर्षभर अर्धपोटी राहते आणि दोष बॅटरीवाल्याला लागतो. 12 व्होल्टच्या पॅनेलमध्ये 36 सेल आणि 18 व्होल्ट ठेवतात ते याचसाठी. तापून उतरल्यावरही 15 च्या आसपास उरावेत, वर वायरमधली घट सोसावी. 24 ला 72 सेलचं घ्या, किंवा दोन पॅनेल सिरीजमध्ये लावून एमपीपीटी कंट्रोलर वापरा.

उष्णताच की आणखी काही?

इन्व्हर्टरच्या नोंदीत दुपारचं डीसी व्होल्टेज आणि करंट शेजारी ठेवून पाहा. व्होल्टेज हळूहळू उतरलंय आणि करंट उन्हाबरोबर चढलाय, तर ती नुसती उष्णता. करंट कमी पण व्होल्टेज ठीक (गोरेगावसारखं खालच्या मर्यादेला अडकलेलं नव्हे), तर धूळ किंवा कबुतरांची घाण. (पाणी मारायचं तर पहाटे, तापलेल्या काचेवर नको.) व्होल्टेज एकदम 12-14 च्या पटीत खाली आलं, तर पाण्याच्या टाकीची सावली पडून पॅनेलचा एक तृतीयांश भाग बायपास डायोडने वगळला असणार. आणि वीज घटली असताना व्होल्टेज उलट वर गेलं असेल, तर दोष स्ट्रिंगचा नाही. इन्व्हर्टर स्वतः तापून हात आखडता घेतोय. लिफ्टच्या बंद मशीन रूममध्ये ठेवलेल्या इन्व्हर्टरचं हे नेहमीचं दुखणं. त्याला आधी खिडकी किंवा पंखा द्या, मग पॅनेलकडे बघा.

बसवणाऱ्याकडून कोटेशनसोबत दोनच आकडे लेखी मागा : 70 अंश सेलला स्ट्रिंगचं व्हीएमपी आणि 5 अंशांना व्हीओसी. शेजारी इन्व्हर्टरच्या दोन मर्यादा. गोरेगावच्या काकांनी आता पुढच्या सोसायटीला नंबर देताना हाच कागद सोबत पाठवलाय.