मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांचा वाचनकट्टा: या चुका टाळा

आमचा पुण्यातला पहिला कट्टा तिसऱ्याच बैठकीत आटोपला. चारशे पानी पुस्तक महिन्यात संपवायचं ठरवलं आणि मध्ये गणपती आले. आता एका वेळी एक-दोनच प्रकरणं घेतो. वाचून झालं नसलं तरी यायचं. सुरुवातीला कोणीतरी दहा मिनिटांत सारांश सांगतं. गणपती आणि सत्रपरीक्षेचे आठवडे आधीच सोडून देतो.

जागा शांत हवी. फर्ग्युसन रस्त्यावरच्या हॉटेलात मनातलं बोलता येत नाही.

सगळ्यात मोठी चूक मात्र वेगळीच होती. नैराश्यावरचं प्रकरण चालू असताना एक मैत्रीण स्वतःबद्दल बोलू लागली आणि आम्ही सगळे एकदम समुपदेशक झालो. कधीपासून वाटतं, झोप लागते का, घरी कोणाला होतं का? पुढच्या वेळी ती आलीच नाही. मला अजून वाईट वाटतं. आता नियम पक्का आहे: निदानाची चर्चा पुस्तकातल्या रुग्णापुरतीच, शेजारी बसलेल्याला किंवा कोणाच्या आईला ‘नार्सिसिस्ट’ (स्वतःच्याच प्रेमात बुडालेलं माणूस) ठरवायचं नाही. इथलं इथेच राहील. कोणी स्वतःचं सांगितलं तर फक्त ऐकायचं, आणि बैठकीनंतर एकाने बाजूला जाऊन विचारायचं, ‘सोबत येऊ का कोणाकडे?’ टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक गटात सगळ्यांकडे असतो.

छापलंय म्हणजे खरंच, असं धरून चालणं ही आणखी एक चूक. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन यांच्या २०११ च्या ‘थिंकिंग, फास्ट अँड स्लो’मधलं प्रायमिंगचं, म्हणजे आधी पाहिलेल्या-ऐकलेल्या गोष्टीचा पुढच्या विचारांवर आणि वागण्यावर नकळत होणाऱ्या परिणामाचं, प्रकरण आम्ही भारावून वाचलं. पुढे कळलं, छोट्या नमुन्यांच्या, म्हणजे मोजक्याच माणसांवर केलेल्या, अभ्यासांवर आपण फार विसंबलो, हे त्यांनीच २०१७ मध्ये मान्य केलं होतं. तेव्हापासून प्रत्येक पुस्तकातला एक प्रयोग कोणीतरी उचलतं, मूळ शोधनिबंध काढतं आणि सांगतं: माणसं किती होती, प्रयोग पुन्हा कोणी केला का, निष्कर्ष तोच आला का.

आणि चर्चा निव्वळ इंग्रजीत करू नका. गावाकडून आलेली हुशार मुलं गप्प बसतात. शिवाय उद्या समोर बसणारी आजी ‘अँक्झायटी’ म्हणणार नाही. ती म्हणेल धास्ती, घालमेल, जिवाला घोर. या तिन्हींत नेमका फरक काय, यावर आमचा एकदा दीड तास गेला. ठरलेलं प्रकरण त्या दिवशी उघडलंच नाही.