पोलीस एफआयआर घेत नव्हते: शेवटी काय केलं (माझा अनुभव)

एसटी स्टँडवर आईच्या गळ्यातली चेन हिसकावली. एका ठाण्यात सांगितलं, ‘हद्द आमची नाही.’ दुसऱ्या ठाण्यात साधा तक्रार अर्ज ठेवून घेतला, गुन्हा नोंदवला नाही. हेलपाटे, ओळखीच्या माणसाचा फोन, सगळं झालं. आईला तासन्‌तास बाकड्यावर बसवून ठेवलं, याचा फार संताप आला.

उपयोग झाला तो असा. आधी घटना तारीख, वेळ, जागेसह कागदावर लिहिली आणि ठाण्यात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारखेची पोच घेतली. अर्जात स्पष्ट लिहिलं: भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १७३(१) नुसार गुन्हा कुठल्याही हद्दीतला असला तरी माहिती नोंदवावी लागते. तरी हालचाल नाही. मग कलम १७३(४) खाली तोच मजकूर, पोचेची झेरॉक्स जोडून, पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने पाठवला. पावती आणि पोहोचल्याची प्रिंट जपून ठेवली. त्यानंतर ठाण्यातूनच बोलावणं आलं. जबाब वाचून मगच आईने सही केली; एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती लगेच मागून घेतली.

अधीक्षकांकडूनही काही झालं नाही तर प्रतिज्ञापत्रासह दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, कलम १७५(३). इथे मात्र वकील घ्याच. महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो; तालुका न्यायालयात चौकशी करा किंवा १५१०० वर फोन लावा.