मराठीत बुलेट यादी कशी लिहावी

आमच्या ट्रेक ग्रुपने राजगडच्या मुक्कामी ट्रेकची माहिती वेबसाइटच्या पानावर टाकली, ती एका सलग परिच्छेदात. टॉर्चचा उल्लेख होता अकराव्या ओळीत. रात्री माचीवर तिघांकडे टॉर्च नव्हता. मग मी त्या मजकुराची यादी करायला बसलो. पहिला प्रयत्न असा:

• येताना प्रत्येकाने किमान २ लिटर पाणी आणावे.
• येताना टॉर्च विसरू नका.
• प्रत्येकाने स्वतःचे ताट-वाटी आणणे.
• कृपया पांघरूण.

ठिपके आले, पण यादी काही झाली नाही. आणावे, विसरू नका, आणणे, आणि शेवटी क्रियापदच गायब. चार माणसांनी एकेक ओळ लिहिल्यासारखे.

इंग्रजीत सल्ला देतात की प्रत्येक ओळ क्रियापदाने सुरू करा. मराठीत क्रियापद बसते शेवटी, आणि यादी चाळणारी नजर उतरते डाव्या कडेने. म्हणून आधी सगळ्या ओळींना सामाईक असलेला भाग काढून वर एकदाच लिहा. मग ज्या वस्तूसाठी ओळ आहे ती पुढे आणा, तपशील मागे ढकला.

सोबत हे आणा:

• पाणी – किमान २ लिटर
• टॉर्च – जादा सेलसह
• ताट-वाटी – ज्याची त्याची
• पांघरूण – माचीवर वारा असतो

क्रियापद ठेवायचेच असेल तर सगळीकडे एकाच रूपात ठेवा.

क्रम महत्त्वाचा असेल तिथे ठिपके नकोत, आकडे द्या: स्वारगेटला जमणे, गुंजवण्यात नाश्ता, मग चोर दरवाजाने पद्मावती माची. आणि जिथे काही समजावून सांगायचे आहे, तिथे यादीच नको. पावसात चोर दरवाजाची वाट का टाळायची, हे ठिपक्यांत तोडले की ‘कारण’ आणि ‘पण’ गळून पडतात. उरतात नुसते हुकूम.

ठिपका हाताने टाइप करू नका, व्हॉट्सॲपवरून चिकटवूही नका. एडिटरमधले यादीचे बटण दाबा. त्यामुळे पानाच्या कोडमध्ये यादीसाठी ‘यूएल’ आणि तिच्या प्रत्येक मुद्द्यासाठी ‘एलआय’ हे टॅग (खुणा) बसतात, लांब ओळ खाली आली तरी ठिपक्याखाली न घुसता शब्दाखालीच राहते, आणि स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारे सॉफ्टवेअर) वापरणाऱ्याला यादीत किती गोष्टी आहेत ते आधीच ऐकू येते. ओळींतले अंतर इंग्रजीपेक्षा थोडे जास्त ठेवा, अक्षराच्या दीडपटीहून अधिक. नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीवर आपटतो. यादीत पोटयादी एकवेळ चालेल. तिच्या पोटात आणखी एक घातलीत तर फोनवर दोन-दोन शब्दांच्या ओळी होतात.

शेवटी पान फोनवर उघडा, उजवी बाजू अंगठ्याने झाका आणि फक्त पहिले शब्द वाचा. पाणी, टॉर्च, ताट-वाटी, पांघरूण. आमच्या पहिल्या यादीत हाती लागत होते: येताना, येताना, प्रत्येकाने, कृपया.