अमेरिकेतल्या घटस्फोटाची नक्कल काढताय? या चुका टाळा

दर दोन-चार महिन्यांनी कुणाचा तरी फोन येतो. "ताई, एक छोटंसं काम होतं." छोटंसं काम म्हणजे दहा-बारा वर्षांपूर्वी कॅलिफोर्नियात झालेल्या घटस्फोटाचा कागद. तो हवा पुढच्या आठवड्यात, कारण पुण्यात दुसऱ्या लग्नाचा हॉल बुक झालाय! मी इथं बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात, वकिलाच्या ऑफिसात कागदपत्रंच बघते, त्यामुळे आमच्या ओळखीपाळखीतले असले सगळे फोन माझ्याकडे वळतात. चुकाही त्याच त्या असतात.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो भलत्या दारात उभं राहण्यात. लोक आधी राज्य सरकारकडे अर्ज करतात. कॅलिफोर्नियाच्या आरोग्य खात्याकडे घटस्फोटाचे दाखले आहेत ते फक्त 1962 ते जून 1984 या काळातले, आणि त्या दाखल्याला कोर्टाच्या निकालाची किंमत नाही. निकाल असतो तो काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाच्या, सुपीरियर कोर्टात. राज्यात काउंट्या 58. त्यातली तुमची कोणती? इथं उत्तर येतं, "लग्न तर नेवाडात, रेनोला केलं होतं." लग्न कुठं झालं याचा इथं काडीचा संबंध नाही. अर्ज कुठं दाखल केला ते सांगा. ते आठवत नसेल तर तेव्हा राहत कुठं होता ते सांगा, कारण अर्ज करताना दोघांपैकी एकानं राज्यात 6 महिने आणि त्या काउंटीत 3 महिने राहिलेलं असावं लागतं. फ्रीमाँटचे लोक हमखास फसतात. नोकरी सॅन होजेला, मित्रमंडळी सनीवेलला, म्हणून सांता क्लारा काउंटी गृहीत धरतात. फ्रीमाँट येतं अलामेडा काउंटीत. शेजारचं मिलपिटास मात्र सांता क्लारात.

म्हणून मी फोनवर पहिलं सांगते: जुनी फाइल काढा, कोर्टाचा कुठलाही एक कागद शोधा आणि त्याचा फोटो पाठवा. वरच्या भागात कोर्टाचं आणि काउंटीचं नाव असतं, उजव्या हाताच्या चौकटीत केस नंबर. नंबर मिळाला की निम्मं काम झालं. पण माळ्यावरची बॅग उतरवायची दहा मिनिटं कुणाला नकोत. त्याऐवजी 'क्षणात रेकॉर्ड मिळवा' म्हणणाऱ्या वेबसाइटला क्रेडिट कार्ड नंबर देतील. तिथं फार तर नावांची यादी मिळते. शिक्क्याची प्रत कोर्टच देतं. आणि पेसर नावाची सरकारी साइट आहे ती फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, कोर्टांची, तिथं घटस्फोट शोधू नका.

नंबर नसेल तर नावावरून शोध. इथं आपली मधली नावं घात करतात. वडिलांचं, नवऱ्याचं, की मधलं नावच नाही? 'दीपक'मध्ये एक आय की दोन ई? पासपोर्टवर एक, अर्जात दुसरं. मी दोघांचीही नावं देते, बाईंचं माहेरचं आडनावही, आणि सुचतील तेवढी स्पेलिंगं.

मग कागद कोणता मागायचा? कॅलिफोर्नियात निकालाचा फॉर्म एफएल-180. लोक घेऊन येतात एफएल-190, म्हणजे निकाल नोंदला गेल्याची नुसती सूचना. सुटसुटीत असते, म्हणून तीच जपून ठेवलेली.

आता माझी दुखरी नस: स्टेपलची पिन. मैत्रिणीच्या मावसभावासाठी तीन आठवडे खटपट करून सर्टिफाइड कॉपी मिळवली. बारा पानं, शेवटच्या पानामागे क्लार्कचा शिक्का आणि सही. त्याला बजावलं होतं, पाकीट तसंच आण. पठ्ठ्यानं पिन काढली, पानं स्कॅनरमध्ये घातली, पीडीएफ पुण्याला व्हॉट्सॲप केली आणि नवी पिन मारून माझ्याकडे आणली. डाव्या कोपऱ्यात जुन्या पिनेची दोन भोकं स्वच्छ दिसत होती. "ताई, एकही पान हललेलं नाही." असेल, पण शिक्का आहे तो सगळ्या पानांचा मिळून. एकदा पिन निघाली की मधलं पान बदललं नाही हे सांगणार कोण? ती प्रत अपोस्टीलला, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून लागणाऱ्या सरकारी दाखल्यासाठी, पाठवायला मी साफ नकार दिला. पुन्हा अर्ज, पुन्हा फी, पुन्हा वाट बघणं. हॉलची तारीख गेली, आणि होणाऱ्या सासूबाईंनी रागवायला फोन मलाच केला! तेव्हापासून मी दोन प्रती मागवते, एक अपोस्टीलसाठी आणि एक लॉकरसाठी. स्कॅन हवा असेल तर पानं दुमडून मोबाइलनं फोटो काढा.

अपोस्टील भारतीय वकिलातीत मिळत नाही. ज्या राज्याचा कागद, त्याच राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडून घ्यायचं. कॅलिफोर्नियाची ऑफिसं सॅक्रामेंटो आणि लॉस एंजेलिसला आहेत. एकमेकांचं अपोस्टील मानायच्या देशादेशांतल्या करारात भारत 2005 पासून आहे. आणि इथला निकाल भारतात टिकेल का, हा प्रश्न मला विचारू नका. मिसुरीतल्या सेंट लुईस काउंटीत मिळवलेला घटस्फोट आपल्या सर्वोच्च न्यायालयानं 1991 मध्ये मानला नव्हता. त्यासाठी तिकडचा वकील गाठा.

न्यूयॉर्कवाल्यांनो, तुमच्याकडे घटस्फोट देणाऱ्या कोर्टाचं नावच सुप्रीम कोर्ट आहे, घाबरू नका. फाइल काउंटी क्लार्ककडे असते, पण कोर्टाचा हुकूम नसेल तर ती पक्षकार आणि त्यांच्या वकिलांनाच दाखवतात. भावाला नुसतंच पाठवून उपयोग नाही.

टपालानं मागवणार असाल तर स्वतःचा पत्ता लिहिलेलं परतीचं पाकीट घाला. त्यावर अमेरिकन तिकिटं लावा, भारतीय नाही. हेही सांगावं लागतं. पानं किती निघतील ते माहीत नसतं, म्हणून कोर्टाला चालत असेल तिथं मी चेकवर रक्कम कोरी ठेवून खाली 'अमुक डॉलरपेक्षा जास्त नाही' असं इंग्रजीत लिहिते. आकडा जरा सैल धरते, कारण दोन डॉलर कमी पडले तरी अख्खं पाकीट परत येतं.